जमेच्या बाजूची चूक

३१ मे २०१८, ओकलंड. एनबीए अंतिम मालिकेचा पहिला सामना, क्लीव्हलँड विरुद्ध गोल्डन स्टेट. क्लीव्हलँडच्या लेब्रॉन जेम्सने त्या रात्री एकूण ५१ गुण कुटले. नियमित वेळेचे ४.७ सेकंद बाकी. जॉर्ज हिलच्या पहिल्या फ्री थ्रोने क्लीव्हलँडला १०७-१०७ अशी बरोबरी मिळाली, दुसरा हुकला. चेंडू ऐन बास्केटखाली क्लीव्हलँडच्याच जे. आर. स्मिथच्या हाती आला. आणि गडी तो आपटत आपटत निघाला थेट मधल्या रेषेकडे! मागे लेब्रॉन दोन्ही हात पसरून बास्केट कुठे आहे ते दाखवतोय.

प्रशिक्षक टायरन ल्यू म्हणाले, स्मिथला वाटलं आपण एका गुणाने पुढे आहोत. स्मिथ म्हणाला, बरोबरी ठाऊक होती, टाइमआउट घेतील असं वाटलं. टाइमआउट शिल्लक होताच. मागितला मात्र कुणीच नाही.

गंमत म्हणजे, आकडेवारीच्या तक्त्यात हा टर्नओव्हर (चेंडू गमावणं) नाही. स्मिथच्या नावावर रिबाउंड जमा आहे.

पंचही मागे नव्हते. त्याआधी, ३६ सेकंद उरले असताना लेब्रॉनला मिळालेला ‘चार्ज’ (धडकणाऱ्याचा फाउल) त्यांनी रिप्ले पाहून ‘ब्लॉक’ (अडवणाऱ्याचा फाउल) केला. पाहायचं होतं, लेब्रॉनचे पाय बास्केटखालच्या अर्धवर्तुळाबाहेर आहेत का. होते, चांगले लांब होते. फाउल तरी त्याच्यावरच! शंका पायांची, निकाल मात्र छाती वेळेत वाटेत आली का याचा.

अतिरिक्त वेळेत गोल्डन स्टेट १२४-११४ जिंकलं. शिव्या स्मिथ आणि पंचांनी वाटून घेतल्या. फ्री थ्रो हुकवणारा हिल अलगद सुटला.