चवपंडित

परदेश सहलीच्या प्रत्येक मराठी बसमध्ये एक चवपंडित असतोच. तो जन्माने पंडित नसतो, विमानतळापासून हॉटेलपर्यंतच्या प्रवासात माहितीपत्रक वाचून होतो. क्रीट बेटावरच्या आमच्या बसमधल्या पंडितांना सगळे नुसतंच 'काका' म्हणत. निवृत्तीनंतर त्यांनी नाशिकच्या एका वायनरीत वाइन चाखण्याचा अर्ध्या दिवसाचा वर्ग केला होता. त्याचं प्रमाणपत्र मोबाइलमध्ये होतं आणि मोबाइल सतत हातात.

वाइन आणि ऑलिव्ह तेल चाखायची सहल म्हणजे काकांचं घरचंच कार्य. हेराक्लिओन शहर सोडून दक्षिणेला निघालं की अर्खानेस, पेझा ही गावं लागतात आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना द्राक्षवेली नि ऑलिव्हची झाडं सुरू होतात. अर्खानेसजवळ वाथिपेत्रोला मिनोअन काळातलं, सुमारे ३५०० वर्षांपूर्वीचं द्राक्षं तुडवायचं कुंड आहे. बाकीच्यांनी त्याचे फोटो काढले. काकांनी दुरूनच नाकपुड्या फुगवल्या आणि म्हणाले, "टॅनिन!"

वायनरीत पहिला पेला आला. काकांनी तो देठाला धरून गरगर फिरवला, नाक आत घातलं, डोळे मिटले. मांडीवरच्या माहितीपत्रकात पहिलं नाव विदियानोचं होतं. एके काळी नामशेष व्हायला आलेली ही पांढरी द्राक्षं गेल्या काही दशकांत पुन्हा लागवडीत आली आहेत.

"जर्दाळू," काका म्हणाले. "मागून पीच."

"आज क्रम बदललाय," गाइड मुलगी हसून म्हणाली. "ही विलाना आहे. विदियानो पुढच्या पेल्यात."

"तरीच! मला तिची चाहूल लागली," काका म्हणाले. पंडिताला खोटं पाडता येत नाही, फार तर थोडं पुढे ढकलता येतं.

चाखून झालेली वाइन टाकायला टेबलावर भांडं होतं. काकांनी त्यात डोकावून पाहिलं आणि ते शेजारच्यांकडे सरकवलं. "पैसे भरलेत," एवढंच म्हणाले. चौथ्या पेल्यापर्यंत त्यांना बंदरातली बोट, आजोबांचं कपाट आणि पहिल्या पावसानंतरची शाळा एवढ्या गोष्टींचे वास आले होते.

मग तांबडी वाइन आली. गाइडने समजावलं, की इथे कोत्सिफाली आणि मांदिलारी अशा दोन द्राक्षांची मिळून वाइन करतात. कोत्सिफाली मऊ, गोडसर स्वभावाची, तिच्यात मद्यार्क भरपूर, पण रंग पटकन उडतो. मांदिलारी गडद आणि तुरट, तिच्यामुळे पेल्याला रंग आणि कणा येतो. हे ऐकताना सगळ्या बसची नजर काकांवरून हळूच शेजारी बसलेल्या काकूंकडे गेली. काकू तेव्हा पर्समधून काकांची पित्ताची गोळी काढत होत्या.

खरी कसोटी तेलाच्या गिरणीत लागली. तेल चाखायचे पेले मुद्दाम गडद निळ्या काचेचे असतात. तेलाचा रंग दिसू नये, कारण हिरवं दिसलं की माणूस ते आधीच चांगलं ठरवून मोकळा होतो. काकांनी पेला खिडकीच्या उजेडात धरला. "काय सुरेख हिरवा आहे!"

पेला तळहातात धरून ऊब द्यायची, वरून हात झाकायचा, हुंगायचं आणि घोट घेताना दातांतून हवा ओढायची, असा विधी असतो. घरात चहाचा फुर्र आवाज केला म्हणून आयुष्यभर सगळ्यांवर डोळे वटारणाऱ्या काकांनी असा काही घोट ओढला, की पलीकडच्या टेबलावरचे जर्मन दचकले. मागोमाग ठसका लागला. गाइड खूश झाली. कोरोनेइकी जातीच्या कोवळ्या फळांचं ताजं तेल घशाला झोंबतंच. ते करतं ओलिओकँथाल नावाचं द्रव्य, आणि २००५ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की ते आयबुप्रोफेन या वेदनाशामकासारखं काम करतं. त्यामुळे तेल पारखणारे गमतीने एका खोकल्याचं तेल, दोन खोकल्यांचं तेल अशी प्रतवारी लावतात. हे कळल्यावर काका प्रत्येक घोटाला खोकू लागले. एकदा तर पाण्यालाही खोकले.

तिसरा पेला आला. काकांनी डोळे मिटले. "परिपक्व. अक्रोडाची छटा. जुन्या झाडाचं असणार."

काकूंनी पेला नाकाशी नेला आणि लगेच खाली ठेवला. "अहो, खवट आहे हे."

कोणीतरी ते इंग्रजीत सांगितलं आणि गाइडने काकूंना मिठीच मारली. ते तेल तिने मुद्दाम उन्हात ठेवून बिघडवलं होतं. ती म्हणाली, एक्स्ट्रा व्हर्जिन म्हणवून घ्यायचं, तर तेलाची आम्लता ०.८ टक्क्यापेक्षा जास्त चालत नाही. पण तेवढ्याने भागत नाही. आठ ते बारा तयार पारख्यांना त्यात वासाचा वा चवीचा एकही दोष सापडता कामा नये, आणि खवटपणा हा त्यातला मोठा दोष. या पारख्यांना शिकून तयार व्हावं लागतं. काकूंचं शिक्षण वाण्याच्या दुकानात, सुकं खोबरं आणि शेंगदाणे हुंगून परत करण्यात झालं होतं.

"मी तेच सांगत होतो," काका म्हणाले. "परिपक्वतेची पुढची पायरी म्हणजे खवटपणा."

त्या दिवसापासून काकांनी पद्धत बदलली. रात्री तावेर्नात जेवायला बसलं, की ते तेलाची बाटली आधी काकूंकडे सरकवत. काकू हुंगत आणि मान हलवत. मग काका एक घोट घेऊन सगळ्या टेबलाला ऐकू जाईल असा निकाल देत, "कडू, तिखट, निर्दोष!"

शेवटच्या रात्री टेबलावर सारख्याच दोन गडद बाटल्या होत्या. काकांचं लक्ष श्रोते जमवण्यात होतं. काकूंनी एक बाटली हुंगली, क्षणभर विचार केला आणि अत्यंत गंभीरपणे होकारार्थी मान हलवली. काकांनी भला मोठा चमचा भरून दातांतून हवा ओढली. डोळ्यांतून पाणी आलं, चेहरा मांदिलारीसारखा झाला. व्हिनेगरची बाटली काकूंनी शांतपणे सॅलडकडे वळवली.

"चार खोकले!" काका श्वास सावरत म्हणाले. "अख्ख्या बेटावर असं तेल नाही!"