अंदमानात गेल्याचा पुरावा

सहलीतला फोटो ही कलाकृती नसून कागदपत्र आहे, हे एकदा मान्य केलं की अंदमानातल्या छायाचित्रणाची निम्मी दुखणी संपतात. रेशनकार्डावरचा फोटो देखणा आहे का, असं कोणी विचारत नाही. माणूस ओळखू येतो का, एवढंच पाहतात. हॅवलॉकचा (२०१८ पासून कागदोपत्री स्वराज द्वीप) राधानगर किनारा सोसायटीत सर्वांना ओळखू येतो, कारण तोच फोटो त्यांच्याकडेही आहे. म्हणून नवा कोन शोधण्याच्या फंदात पडू नये. वेगळा फोटो पाहून शेजारी "हे अलिबाग का?" असं विचारतील आणि विमानाचं भाडं पाण्यात जाईल.

कागदपत्राला वेळही महत्त्वाची, आणि तिथेच घड्याळ दगा देतं. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची. अंदमान त्याच्याही सुमारे १० अंश पूर्वेला, म्हणजे सूर्य घड्याळाच्या ४० मिनिटं पुढे. मुंबई जवळपास तितकीच उलट बाजूला. त्यामुळे "सहाला सूर्यास्त, साडेपाचला पोचू" या मुंबईच्या हिशेबाने निघालेलं कुटुंब डिसेंबरात राधानगरला पोचतं, तेव्हा सूर्य पाचच्या सुमारासच बुडालेला असतो. उष्ण कटिबंधात तो जवळजवळ सरळ खाली उतरतो, संधिप्रकाश रेंगाळत नाही. उरतात ते काळ्या पाण्यापुढे फ्लॅशने पांढरेफटक पडलेले सहा चेहरे. ते वसईतही मिळाले असते.

जाणकार म्हणतील, सकाळचं कोवळं ऊन धरा. भरदुपारी डोळ्यांच्या जागी काळ्या खोबणी येतात. शिवाय कॅमेरा समोरचं सगळं सरासरी करडं आहे असं धरून चालतो आणि पांढऱ्या वाळूला राखेचा रंग देतो. उजेड मुद्दाम थोडा वाढवावा लागतो. आक्षेप शास्त्रशुद्ध आहे, पण त्यात पॅकेजमधल्या न्याहारीचा विचार केलेला नाही. पैसे भरलेले इडली-वडे टाकून उजेडामागे धावणं मराठी मनाला पटणं कठीण. तेव्हा दुपारच उरते. टोपी आणि गॉगल चढवावेत. चेहरा झाकला तरी टोपीवरचं टूर कंपनीचं नाव स्वच्छ वाचता येतं, आणि पुरावा म्हणून ते चेहऱ्यापेक्षा सरस. सगळ्यांनी एकसारखे लाल टीशर्ट घालण्याची हौस मात्र पाण्याबाहेरच भागवावी. खोल पाण्यात लाल रंग सर्वांत आधी नाहीसा होतो आणि प्रवाळांपाशी अख्खं कुटुंब मळकट दिसतं.

यावर कोणी म्हणेल, एवढंच असेल तर घरी पडदा लावून फोटो काढा, बेट पाहायचं कधी? तीही सोय आहे. एसीच्या खोलीतून बाहेर आणलेल्या गार लेन्सवर दमट हवेचं पाणी धरतं. ते टाळायला कॅमेरा अर्धा तास बंद पिशवीतच ठेवावा. त्या अर्ध्या तासात करण्यासारखं काही नसल्याने समुद्राकडे बघावं लागतं. हा धोका पत्करावा.

सेल्युलर जेलमध्ये प्रश्न जरा अवघड होतो. १९०६ मध्ये पूर्ण झालेल्या या तुरुंगाच्या सात इमारतींपैकी तीनच उरल्या आहेत, आणि मराठी माणसांची रांग सावरकरांच्या कोठडीपाशी लागते. १९११ ते १९२१ ही दहा वर्षं ते या तुरुंगात होते. तिथे दात दाखवून, दोन बोटं उंचावून उभं राहू नये, असा फलक लावण्याची गरज पडू नये ही अपेक्षा. आपण तिथे होतो याच्या पुराव्यापेक्षा ते तिथे होते याचा पुरावा मोठा आहे. दाराचा फोटो घ्या, स्वतः बाजूला व्हा.

बाराटांगला नेणारा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. वाहनं ताफ्याने सोडतात, मध्ये थांबू देत नाहीत, आणि जारवांचे फोटो काढणं हा गुन्हा आहे. तिथे काढलेला फोटो पुरावाच ठरेल, पण तुमच्याविरुद्ध. जिरकाटांगचा नाका येण्याआधी मोबाइल खिशात घाला.