लवंगनाना

बंगळुरात नव्याने आलेल्या मराठी पोराला दोन फोन नंबर सर्वात आधी मिळतात: एक डबेवाल्या काकूंचा, दुसरा नानांचा. राहायची खोली त्यानंतर सापडते. नाना प्रत्येक वस्तीत असतात. जयनगरात त्यांना अण्णा म्हणतात, विजयनगरात भाऊ. मी मल्लेश्वरमच्या नानांबद्दल लिहितो आहे, कारण हा वाण मला जवळून बघायला मिळाला.

नाना सत्तरच्या दशकात मिरजेहून आले आणि जालहळ्ळीला एचएमटीच्या घड्याळ कारखान्यात चिकटले. जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने १९६१ साली सुरू झालेला हा घड्याळांचा उद्योग बंद करायचं सरकारने २०१६ साली ठरवलं. नाना त्याआधीच निवृत्त झाले, पण दुरुस्तीची खोड काही निवृत्त झाली नाही. दुखरी दाढ म्हणजे त्यांच्या लेखी अडलेलं घड्याळ: उघडायची गरज नाही, थेंबभर तेल सोडलं की चालू. मनगटावर अजून चावीचं ‘जनता’ असतं. गुळणी किती वेळ धरायची ते त्याच्यावरच मोजलं जातं.

गिऱ्हाइकांची त्यांना ददात नाही. अक्कलदाढ साधारण सतरा ते पंचवीस या वयात उगवते. सांगली-साताऱ्याची पोरं कॅम्पस मुलाखती देऊन इथे येऊन पडतात तीही बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी. म्हणजे दाढेचा आणि ऑफर लेटरचा मुहूर्त जवळपास एकच. आई सांगलीला, पीजीतला रूममेट तेलुगू, आणि ठणका नेमका रात्री अकरानंतर. मग फोन वाजतो.

“नाना, दाढ.”

“वरची की खालची?”

“खालची. एकदम मागची.”

“एनू आगल्ला, पोरा. काही होत नाही. मीठ आहे ना घरात?”

मीठ आहे ना, हे त्यांचं सर्वोत्तम वाक्य. इथपर्यंत नाना आणि दंतशास्त्र यांचं एकमत आहे. जबड्यात जागा कमी असते, त्यामुळे दाढ अर्धीच वर येते. तिच्यावर हिरडीची झडप राहते आणि त्या झडपेखाली डोशाचा नाहीतर चिरोट्याचा कण जाऊन बसतो. ब्रश तिथे पोचत नाही, जंतू पोचतात, हिरडी सुजते. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून खळखळून चुळा भरल्या की कचरा निघतो आणि सूज जरा उतरते. उशाला दोन उशा घ्यायचा नानांचा सल्लाही बरोबर आहे, कारण आडवं पडलं की डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो आणि दाढ ठणकू लागते. नानांनी इथे फोन ठेवला असता, तर हा लेख लिहावा लागला नसता.

पण नाना फोन ठेवत नाहीत, स्कूटर काढतात. त्यांच्या पिशवीत जुन्या कॉफीच्या डब्यात लवंगा, तुरटी, कापूर, पेरूची वाळकी पानं आणि अक्कलकाऱ्याची मुळी असते. सगळं अ‍ॅव्हेन्यू रोडजवळच्या एका ग्रंधिगे अंगडीतून, म्हणजे काष्ठौषधींच्या दुकानातून, आणलेलं. त्या दुकानदाराशी ते कन्नडमध्ये घासाघीस करतात आणि पिशवी भरली की मिरजेच्या मराठीत समाधान व्यक्त करतात. डब्याच्या तळाशी लवंगतेलाची बाटली. लवंगेतलं युजेनॉल खरोखर बधिरता आणतं. दंतवैद्य ते झिंक ऑक्साइडमध्ये कालवून तात्पुरतं सिमेंट करतात, दवाखान्याचा तो ओळखीचा वास त्याचाच. तेव्हा नानांचं औषध चुकीचं नाही. चूक मापात आहे. कापसाच्या बोळ्यावर एक थेंब पुरतो, आणि नाना बोळा तेलात बुडवून काढतात. हिरडी भाजते. पोरगं कळवळलं की नाना म्हणतात, “लागू पडतंय बघ!”

बर्फाचं आणि नानांचं मात्र वैर. गालावरून फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं लावावा, हे डॉक्टर सांगतात. नाना तवा मागवतात आणि फडक्याने शेक देतात. शेकाने सूज आणखी वाढू शकते, हे त्यांच्या कानावर घालायचा प्रयत्न बऱ्याच जणांनी केला आहे. डिस्प्रिन गिळण्याऐवजी दाढेशी दाबून धरायचा त्यांचा तोडगा तर हिरडी जाळणाराच. आणि कुणाच्या तरी ड्रॉवरमधल्या उरलेल्या तीन अँटिबायोटिक गोळ्यांवर त्यांचा इतका विश्वास, की पाहून छाती दडपते.

या विद्येचं मूळ त्यांच्या आजीत आहे. ती दाताच्या किड्याला रिंगणीच्या बियांची धुरी द्यायची. पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने दातातल्या किड्याच्या समजुतीला १७२८ सालच्या आपल्या ग्रंथातच धक्का दिला होता, पण ती बातमी मिरजेला उशिरा पोचली. नाना धुरी देत नाहीत. अपार्टमेंटमध्ये स्मोक अलार्म आहे.

डॉक्टरकडे जायचं नाव काढलं की नाना वाहतुकीचा मुद्दा काढतात. “सिल्क बोर्डचा चौक ओलांडून जाईस्तोवर दाढ आपोआप पडेल रे!” या मुद्द्यावर बंगळुरात कोणाकडेच उत्तर नसतं.

गंमत अशी, की नानांची सूनच दंतवैद्य आहे. खालच्या मजल्यावर तिचा दवाखाना. वरून नाना तेल घालतात आणि दोन दिवसांनी तेच पोरगं भाजलेली हिरडी घेऊन खाली उतरतं. सोसायटीत काहींना ही सासऱ्या-सुनेची भागीदारी वाटते. सून बिचारी हात जोडते: “बाबा, गुळण्या तेवढ्या सांगत जा. बाकी मी बघते.” नाना मान डोलावतात. संध्याकाळी फोन वाजला की बाटली पुन्हा पिशवीत.

त्यांचा हिशेब एका जागी फसतो, आणि तो साधा आहे. चार दिवसांत ठणका थांबला की नाना ती केस ‘बरी झाली’ म्हणून वहीत लिहितात. दाढ मात्र जिथे आडवी आहे तिथेच असते. तीन महिन्यांनी, बहुधा अप्रेझलच्या आठवड्यात, ती पुन्हा डोकं वर काढते. नाना हे नवं दुखणं धरतात आणि नवं पान उघडतात. वही जाड होते, तशी नानांची ख्यातीही.

एवढं असूनही रात्री साडेअकराला परक्या शहरात तुमच्यासाठी स्कूटर काढणारा माणूस वाटेवर पडलेला नसतो. तेव्हा नानांचा नंबर फोनमध्ये राहू द्या. गुळण्या करा, गालाला बर्फ लावा, चालत असेल तर पॅरासिटामॉल घ्या आणि सकाळी सुनेकडे जा, बरं वाटत असलं तरी जा. तोंड उघडेनासं झालं, ताप आला, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होऊ लागला किंवा सूज जबड्याखाली उतरली, तर सकाळची वाट न बघता थेट इस्पितळ गाठा. तेव्हा नानांना फोन करायचा तो फक्त स्कूटरसाठी. आणि लवंगतेल घ्यायचंच असेल, तर एकच थेंब घ्या, आणि बाटली आधी त्यांच्या हातातून काढून घ्या.