पौर्णिमा पडताळून पाहणारी वाचिका

इंग्रजी प्रणयकादंबरीच्या विस्तीर्ण मुलखात एक लहानसा पण कमालीचा सुपीक तुकडा असा आहे, की जेथील नायक एरवी ड्यूक, म्हणजे राजघराण्याखालोखाल मान असलेला उमराव असतो आणि पौर्णिमेच्या रात्री नरलांडगा होतो. या कथांना विशेष मानवणारा काळ म्हणजे ‘रीजन्सी’, अर्थात राजा तिसरा जॉर्ज याला वेडाने ग्रासल्यामुळे 1811 ते 1820 या वर्षांत त्याच्या मुलाने त्याच्या वतीने चालवलेला कारभार. या मुलखात ब्रिटन-अमेरिकेतील जी तपशीलनिष्ठ वाचिका वावरते, तिच्या श्रद्धा आणि तिचे संशय यांची वाटणी अभ्यासण्याजोगी आहे.

सहा फुटी माणसाला क्षणार्धात शेपूट फुटते, ही गोष्ट ती विनातक्रार मान्य करते. परंतु 1814 सालच्या नायिकेच्या झग्याची चेन नायकाने ओढली, तर चेनचा शोध त्याच शतकाच्या अखेरीस लागला हे ठाऊक असल्यामुळे ती पुस्तक मिटते. नोकराने ड्यूकला ‘युअर ग्रेस’ऐवजी ‘माय लॉर्ड’ म्हटले, तरी तिचा तोल जातो. चंद्राच्या बाबतीत तर ती ज्योतिष्यालाही हार जाणारी नाही. वॉटर्लूच्या लढाईच्या तीन दिवस आधी, 15 जून 1815 रोजी, रिचमंडच्या डचेसने ब्रुसेल्समध्ये दिलेला नृत्यसमारंभ हा ऐतिहासिक प्रणयकथांचा लाडका प्रसंग. तेथे एखाद्या लेखिकेने नायकाला गच्चीवर नेऊन पूर्ण चंद्राखाली केस फुटू दिले, की ही वाचिका शांतपणे दाखवून देते, की त्या महिन्यातली पौर्णिमा 21 तारखेला होती, आणि समारंभाच्या रात्री आकाशात जेमतेम अष्टमी-नवमीचा चंद्र होता, ज्याच्या बळावर फार तर मिशी वाढावी. मात्र इंग्लंडमधील रानलांडगे रीजन्सीच्या सुमारे तीनशे वर्षे आधीच नामशेष झाले होते, ही माहिती तिला आड येत नाही. उलट, त्यांची जागा उमरावांनी घेतली असणार, असे समर्थन तिच्याजवळ तयार असते.

खऱ्या इतिहासातील नरलांडगा उमराव नव्हता, याची तिला कल्पना आहे. कोलोनजवळच्या बेडबुर्ग येथे 1589 मध्ये लांडगा होऊन माणसे मारल्याच्या आरोपावरून ज्याला हालहाल करून ठार केले, तो पीटर स्टुम्प शेतकरी होता. पण शेतकऱ्याला नृत्यसमारंभाचे निमंत्रण येत नाही, आणि निमंत्रण नाही तर प्रणय कोठे करायचा, या अडचणीपुढे इतिहासाने मान तुकवावी हे ती मोठ्या मनाने कबूल करते. बाराव्या शतकातील मारी द फ्रान्स या कवयित्रीची साक्ष तिला अधिक सोयीची वाटते, कारण मारीच्या ‘बिस्क्लाव्रे’ या कथाकाव्यात लांडगा होणारा पुरुष सरदारच आहे आणि बायकोने कपडे पळवल्यामुळे तो लांडगाच राहतो. रूपांतराच्या वेळी कपड्यांचे काय होते, हा प्रश्न तेव्हापासून ऐरणीवर असून, आजचे नायक दर पौर्णिमेला उत्तम शिवलेला कोट फाडतात, तेव्हा शिंप्याचे बिल कोण भागवते, याचा हिशेब ही वाचिका समासात मांडते. (ज्या रेनॉल्ड्सने 1846-47 मध्ये ‘वॅग्नर’ नावाच्या नरलांडग्याची कादंबरी हप्त्याहप्त्याने लिहिली, त्याच्याच दुसऱ्या एका कादंबरीचा हात धरून मराठी कादंबरीकार हरिभाऊ आपटे आपल्या ‘मधली स्थिती’पर्यंत पोहोचले, नरलांडगा मात्र पुण्याला आला नाही, हे बहुधा बरेच झाले.)

तिच्या काटेकोरपणाला खिंडार पडते ते ‘अल्फा’पाशी. अल्फा म्हणजे झुंजून कळपाचे स्वामित्व मिळवणारा नर, आणि या कथांचा नायक हटकून तोच. डेव्हिड मेक या संशोधकाच्या 1970 च्या पुस्तकाने ही कल्पना लोकप्रिय केली, आणि 1999 मध्ये त्यानेच लिहिले, की रानातला कळप हे बहुधा साधे कुटुंब असते आणि तथाकथित अल्फा हा त्यातल्या पिल्लांचा बाप असतो. चेनच्या तारखेसाठी पुस्तक मिटणारी ही विदुषी एवढे एकच संशोधन मात्र वाचून न वाचल्यासारखे करते. कारण पोरांच्या खाण्याची तजवीज करून दमलेला कुटुंबवत्सल गृहस्थ तिला कादंबरीत शोधावा लागत नाही, तो शेजारच्या खोलीत घोरत असतो.