आणि वर मूठभर

नाशिक ते भंडारदरा साधारण सत्तर किलोमीटर. घोटीपर्यंत मुंबईचा हायवे, तिथून डावीकडे वळायचं, बारी मागे पडलं की शेंडी. दोन तासांचं काम. पण इंदिरानगरच्या सोसायटीत आम्ही दोन गाड्या भरत होतो, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या काकू मुद्दाम खाली आल्या आणि सासऱ्यांना हळहळून म्हणाल्या, "निवृत्तीनंतरही बदली होते का हो?"

"जंगलालगत बंगली आहे, गॅस आहे, शिधा तुमचा," असं मालकाने फोनवर सांगितलं होतं. हे ऐकून नवरा खूश झाला. "सगळे मिळून स्वयंपाक करू. मजा येईल!" मोहरीचा डबा कुठे असतो हे आजवर ज्याला सांगावं लागलं आहे, त्याचं हे वाक्य.

मी शाळेत गणित शिकवते. त्यामुळे सहलीचं सामान माझ्याकडे आलं आणि मी ते त्रैराशिकावर घेतलं. माणसं आठ, जेवणं सहा, माणशी अर्धी वाटी तांदूळ. उत्तर साडेतीन किलोच्या आसपास. उत्तराखाली दोन रेघाही मारल्या. सासूबाईंनी चष्मा लावून वही पाहिली आणि म्हणाल्या, "बरोबर आहे. आणि वर मूठभर."

आईंच्या मुठीचं माप कुठल्याही कोष्टकात बसत नाही. तांदळाची मूठ एक किलोची. तुरीच्या डाळीची अर्ध्या किलोची. हिंगाची अख्खी डबी. गोडा मसाला, मेतकूट, पापड, शेंगदाण्याचं कूट, सगळ्यांवर मूठभर. लोणच्याची बरणी पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत आणि ते सगळं जुन्या पातळात. विळी घेतली. पोळपाट-लाटणंही घेतलं, कारण तिथलं लाटणं हाताला बसत नाही. जाऊबाईंनी मिक्सर घेतला. बाबांनी दोरी घेतली. "दोरी कशाला, बाबा?" "लागते." मुलाने चार्जर घेतला आणि स्वतःचं सामान संपल्याचं जाहीर केलं.

घोटी आली तेव्हा माझ्या मांडीवर तांदळाची पिशवी होती, कारण डिकीत जागा नव्हती. घोटी म्हणजे भाताच्या गिरण्यांचं गाव. माझ्या मांडीवर होती ती इंद्रायणी. हे वाण १९८७ साली वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून आलं. आंबेमोहराचा वास आणि आयआर-८चं उत्पन्न असं जमवलेलं लग्न आहे ते, आणि माझ्या मते महाराष्ट्रातल्या थोड्या यशस्वी लग्नांपैकी एक. आमची पिशवी घोटीच्याच गिरणीतली. घोटीहून नाशिकला आलेला तांदूळ आम्ही पुन्हा घोटीवरून पुढच्या भातखाचरांच्या मुलखात नेत होतो. बारीला उजवीकडे १६४६ मीटरचं कळसूबाई दिसतं म्हणतात. मला पिशवी दिसली.

संध्याकाळी पहिला स्वयंपाक. आमच्या घरी एकाच कंपनीचे दोन कुकर आहेत, एक पाच लिटरचा आणि एक तीन लिटरचा. दोन्हींची झाकणं तिरकी करून आत घालायची, मग ती आतून वर ओढून बसतात. मी पाच लिटरच्या कुकरात डाळ धुतली, हळद-हिंग घातलं आणि झाकण तिरकं करून आत घातलं. ते आत गेलं. आणखी आत गेलं. मग डुबुक करून थेट डाळीवर जाऊन बसलं.

कुकर पाचचा, झाकण तीनचं.

ओट्याभोवती सगळं कुटुंब जमलं. झाकण सांडशीने बाहेर काढलं. कुणी भरलं याची चौकशी सुरू झाली. नवरा म्हणाला, भांड्यांची पिशवी दिराने उचलली. दीर म्हणाला, उचलली, भरली नव्हती. जाऊबाई म्हणाल्या, त्या तेव्हा मिक्सर गुंडाळत होत्या. मुलगा म्हणाला, शिट्टी तर बरोबर आहे ना. चौकशी अजून चालू आहे, निष्कर्ष अपेक्षित नाही.

मग पातेलं. कुकरात वाफेच्या दाबामुळे तापमान सुमारे १२० अंशांपर्यंत जातं, म्हणून डाळ चटकन शिजते. उघड्या पातेल्यात पाणी शंभरच्या पुढे जातच नाही. आणि शेंडीच्या साडेसातशे मीटर उंचीवर ते त्याच्याही दोन-अडीच अंश आधीच उकळायला लागतं. हे मी सगळ्यांना समजावून सांगितलं. डाळीवर काही परिणाम झाला नाही. दिराने ताटावर दगड ठेवला. बाबांना दोरीचा उपयोग सापडला. त्यांनी ताट पातेल्याच्या कानांना बांधायची तयारी केली. आईंनी दोरी काढून घेतली. तेवढ्यात वीज गेली. मिक्सर आणि आम्ही एकदमच निकामी झालो.

राखणदाराची बायको बॅटरी घेऊन आली. तिने पातेल्यात पळी फिरवली. "डाळ भिजत नाय का घातली, बाई?" एवढंच विचारलं आणि पातेलं उचलून आपल्या चुलीवर नेलं. हा अकोले तालुका. इथल्याच कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, गावरान बियाण्यांचा सांभाळ करणाऱ्या, बीजमाता म्हणून राज्यभर माहीत झालेल्या. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्या तालुक्यात आम्ही नाशिकची पॉलिश केलेली तूरडाळ घेऊन गेलो होतो आणि ती शिजवताही येत नव्हती.

वरण आलं ते रात्री, नागलीच्या भाकऱ्या आणि ठेचा यांच्यासोबत. नवरा बोटं चाटत म्हणाला, "बघ, सगळे मिळून स्वयंपाक केला की कशी मजा येते!" मी उत्तर दिलं नाही. बाहेर सुंदर वारा होता, तो सगळ्यांनी घेतला. खरकटी भांडी मी आणि जाऊबाईंनी घेतली. घराला सुट्टी लागते, ओट्याला लागत नाही. नाशिकच्या ओट्यावर निदान दिवा तरी असतो.

झोपायच्या आधी आई अंधारात पिशव्यांच्या घड्या घालत होत्या. म्हटलं, उद्या करू. त्या म्हणाल्या, "बदली झाली की स्वयंपाकघर शेवटी बांधायचं आणि पोचल्यावर आधी उघडायचं. नवापूरला पोचलो तेव्हा रात्र झालेली, दुकानं बंद, तुझा नवरा दीड वर्षाचा, भुकेने रडतोय. शेजारची बाई ना ओळखीची, ना पाळखीची, भात घेऊन आली. ठेव म्हणाली, मूठभर जास्तच झाला होता. खोटं बोलत होती गं. तिच्या घरात चार पोरं." घडी घालून झाली. "तेव्हापासून मी घेते."

पुढचे दिवस चांगले गेले. रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ पाहिलं. विल्सन धरण पाहिलं. १९१०ला सुरू झालेलं हे काम १९२६ला पुरं झालं हे कळल्यावर आमच्या डाळीबद्दलचा माझा राग जरा निवळला. रात्री काजवे पाहिले. झाडंच्या झाडं एका तालात उजळत होती, आणि शेजारी एकजण त्यांच्यावर मोबाइलची बॅटरी मारून फोटो काढत होता. काजवे जोडीदाराला हाक मारायला चमकतात. त्यांच्या बोलण्यात असा भोंगा लावणाऱ्याला काय म्हणावं, ते मुलं सोबत असल्याने म्हणता आलं नाही.

निघताना उरलेला तांदूळ मोजला. माझ्या हिशेबापेक्षा थोडा जास्तच शिल्लक होता, कारण दोन वेळा आम्ही पाहुणे होतो. आईंनी तो राखणदाराच्या घरी ठेवला. "जास्त झालाय," म्हणाल्या. राखणदाराच्या बायकोने आमच्या डिकीत आंब्यांची पाटी ठेवली आणि तीही तेच म्हणाली. दोघींपैकी कोण जास्त खोटं बोललं ते मी गणितात बसवू शकले नाही.

घरी आल्यावर नवऱ्याने जाहीर केलं की पुढच्या सहलीची यादी तो करणार. वही घेतली, बराच वेळ बसला. दोन नोंदी झाल्या: १. चार्जर. २. बाकीचं आईला विचारणे.

आईंनी चष्मा लावला, दुसरी नोंद खोडली आणि पुढे लिहिलं, "खानावळ असलेली जागा बघणे." वही मिटली. मग पुन्हा उघडून खाली बारीक अक्षरात लिहिलं, "मूठभर तांदूळ तरी घेणे."