इंदूर ते पुणे : एक तास साडेसात मिनिटे

दोन विमानतळांमधले हवाई अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोल पाठीवरून काढलेल्या सर्वांत आखूड रेषेची लांबी. इंदूर ते पुणे ही रेषा सुमारे 500 किलोमीटर भरते. इंदूर ते मुंबईही जवळपास तेवढीच. मुंबई मोठी की पुणे, हा वाद माळव्याने असा बरोबरीत सोडवला आहे. रेषेचे एक टोक इंदूरच्या धावपट्टीच्या मध्याशी आणि दुसरे लोहगावच्या धावपट्टीच्या मध्याशी धरतात. या दोन्ही ठिकाणी कोणीही राहत नाही.

वेळ काढण्याची रीत सोपी आहे. जेट विमान ताशी 800 किलोमीटर जाते असे मानून भागाकार करतात, चढण्या-उतरण्यासाठी सरसकट अर्धा तास वर घालतात. उत्तर येते एक तास साडेसात मिनिटे.

यातले अर्धे मिनिट महत्त्वाचे. विमानकंपनीचे वेळापत्रक चाकांपुढचे अडसर काढल्यापासून ते पुन्हा लावेपर्यंतचा वेळ मोजते, त्यात सवडीची भर घालते आणि एवढे करून 15 मिनिटांपर्यंतचा उशीर वेळेवरच धरते. प्रवाशाच्या वाट्याला मात्र अर्धे मिनिट. तो पलासियातून निघतो तेव्हा ते खिशात असते. बडा गणपतीच्या कोंडीत रिक्षावाला इंजिन बंद करून खाली उतरतो, तेव्हा ते खर्ची पडते. सामानाची खिडकी तासभर आधी बंद होते म्हणून प्रवासी दोन तास आधी पोचलेला असतो. मग पट्टा काढा, पट्टा घाला, लॅपटॉप काढा, पॉवर बँक बॅगेत ठेवलीच कशी याचा खुलासा करा. पुढे बस येते, चाळीस पावलांवर उभ्या असलेल्या विमानाला वळसा घालून नेऊन सोडते. पुण्यात उतरल्यावर बॅगेची वाट, टॅक्सीची वाट, आणि कोथरूडला जायचे तर सबंध शहर आडवे. दाराशी घंटा वाजेपर्यंत सहा तास उलटतात. सहा तासांच्या प्रवासाला साडेसात मिनिटांचा हिशेब चिकटवणे ही अचूकता नव्हे, ही चक्क थट्टा आहे, आणि तिकिटाचे पैसे भरणाऱ्याचीच आहे.

इंदूर–नागपूर हवाई अंतर याहून कमी, सुमारे 380 किलोमीटर. थेट विमान नसलेल्या दिवशी तिकीटयंत्र दिल्लीमार्गे जाण्याचा सल्ला देते. ती वाट 1500 किलोमीटरची होते, म्हणजे चौपट. यंत्र या सल्ल्याला ‘सोयीचा पर्याय’ म्हणते.

जमिनीवरही आखूड रेषेचे वावडेच आहे. इंदूरहून मुंबईला जाणारी अवंतिका एक्सप्रेस रतलाम, वडोदरा असा गुजरात दाखवत 800 हून अधिक किलोमीटर जाते आणि त्यात रात्र संपते. मनमाडमार्गे सरळ खाली उतरणारा लोहमार्ग ही दशकांची मागणी. 309 किलोमीटरच्या त्या इंदूर–मनमाड मार्गाला सप्टेंबर 2024 मध्ये मंजुरी मिळाली. त्यावरून गाडी किती वेळात पोचेल, याचा भागाकार कोणीतरी करून ठेवला असेलच. त्यातली मिनिटे वाचकांनी आपापल्या जबाबदारीवर धरावीत.