एक डिस्क, दोन धनी

एकाच संगणकावर चालणाऱ्या दोन व्हर्च्युअल मशीनना एकाच फोल्डरमध्ये लिहायचे असले की सर्वात आधी सुचणारा उपाय म्हणजे तीच व्हर्च्युअल डिस्क दोन्हींना जोडणे. पहिली काही मिनिटे हा उपाय उत्तम चालतो, आणि हाच त्याचा मोठा दोष.

लिनक्सची ईएक्सटी४ ही फाइलसिस्टिम एकट्या धन्यासाठी बांधलेली आहे. कुठले ब्लॉक रिकामे, ही नोंद कर्नल आपल्या मेमरीत ठेवतो. बाहेरचे कोणी डिस्कवर हात मारून गेले असेल, ही शंकाही त्याला शिवत नाही. दोन कर्नल म्हणजे सातबाऱ्याची जुनी प्रत उशाशी घेऊन बसलेले दोन तलाठी: एकच पड तुकडा दोघे दोन वेगळ्या माणसांच्या नावावर करून देतात, आणि सह्या दोन्ही खऱ्या. पुढे एफएससीके हा डिस्क तपासणारा प्रोग्रॅम चालवल्यावर काही फायली लॉस्ट+फाउंडमध्ये नाव गमावून नुसत्या आकड्यानिशी सापडतात. ‘मग एकीकडे नुसती वाचायला जोडू,’ हा शहाणपणाही फसतो. अर्धवट राहिलेले जर्नल दिसले की ईएक्सटी४ रीड-ओन्ली जोडणीतही डिस्कवर लिहून मोकळी होते. म्हणूनच व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या क्यूईएमयूने २०१७ मध्ये, २.१० आवृत्तीपासून, डिस्कच्या इमेज फायलींना कुलूप घालायला सुरुवात केली. ते कसे उघडावे हे विचारणारेही लगोलग आले.

जीएफएस२, ओसीएफएस२ या फाइलसिस्टिम अनेक धन्यांसाठीच आहेत. पण त्यांच्याबरोबर क्लस्टरचा सारा लवाजमा येतो, आणि दुसरे मशीन बिघडल्याचा संशय आला की त्याची वीज तोडण्याची प्रथाही.

त्यापेक्षा धनी एकच ठेवावा: होस्ट, म्हणजे ज्यावर ही मशीन चालतात तो संगणक. फोल्डर त्याच्याकडे, आणि मशीननी फक्त मागणी करायची. लिनक्स ५.४ पासून (२०१९) यासाठी व्हर्चिओएफएस आहे. सन मायक्रोसिस्टिम्सचे १९८४ चे एनएफएसही अजून खणखणीत आहे. मात्र व्हर्चिओएफएसवर एका मशीनने फायलीला घातलेले कुलूप दुसऱ्याला दिसेलच असे नाही. एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीत कुलुपे प्रोटोकॉलमध्येच आहेत, तरी न विचारता घुसणाऱ्या प्रोग्रॅमला ती सहसा अडवत नाहीत. एसक्यूलाइट या डेटाबेसच्या ‘वॉल’ (राइट-अहेड लॉग) पद्धतीला तर सामायिक मेमरी लागते. दोन मशीन एकाच डब्यात असली तरी तिच्या लेखी ती परगावचीच. कुलपाविनाही भागते, हे बर्नस्टाइन यांच्या मेलडिर या ईमेल साठवण्याच्या पद्धतीने दाखवले: प्रत्येक पत्राची फाइल वेगळी, ती ‘टीएमपी’त पुरी लिहायची आणि मगच नाव बदलून ‘न्यू’मध्ये सरकवायची. अर्धी फाइल कोणाच्या हाती लागतच नाही.

उरला मालकीचा प्रश्न. फायलीवर माणसाचे नाव नसतेच, १००० सारखा आकडा असतो. तो आकडा एका मशीनवर साहेबांचा आणि दुसऱ्यावर शिकाऊ उमेदवाराचा असू शकतो. म्हणून आकडे आधी जुळवून घ्यावेत, आणि एका मशीनने ठेवलेल्या फायलीला दुसऱ्यावर जादा अधिकार मिळू नयेत म्हणून माउंट करताना नोसुइड व नोडेव्ह हे पर्याय लिहायला विसरू नये.